पत्रावरील नावाची राखण



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, समाजकारण अशा विषयांवर ऐकण्याची श्रोत्यांना सवय असते. आज आम्ही घेतलेला विषय त्या मानाने रुक्ष वाटेल. ईमेलने आलेले पत्र ज्याच्या नावाने आले त्यानेच ते धाडले आहे हे कसे ओळखावयाचे, आणि आपल्या नावावर दुसऱ्या कोणी पत्रे धाडू नयेत म्हणून आपण स्वतः कोणती तजवीज करावयाची, एवढाच हा विषय. तो यंत्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु खोट्या पत्रावर विश्वासून ज्याचे पैसे जातात तो बहुधा यंत्रज्ञ नसतो. आणि ज्याचे खरे पत्र वाटेत अडून पडते तोही नसतो. तेव्हा ज्यांना ह्या गोष्टीची झळ लागते त्यांनीच ती समजून घ्यावी, हे बरे.

माथेरानला तर ह्या विषयाचे महत्त्व अधिकच आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्या डोंगरावर चढून आले, तेव्हापासून ह्या गावाचा संसार पाहुण्यांवर चालत आला आहे. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर येऊ लागली आणि पाहुण्यांची वाट सोपी झाली. पाहुणा आला तर लॉज चालते, घोडेवाल्याला भाडे मिळते, हमालाला ओझे मिळते, चिक्की आणि चपला विकल्या जातात. हा पाहुणा पूर्वी पोस्टाने पत्र टाकून खोली राखून ठेवीत असे. आता तो ईमेल धाडतो आणि ईमेलनेच उत्तर मागतो. गावाची पेढी जणू ह्या पत्रव्यवहारावर उभी आहे.

आता असे समजा, की मुंबईच्या एका कुटुंबाला येथील एका लॉजच्या नावाने पत्र गेले. 'आपली खोली राखून ठेवली आहे, आगाऊ रक्कम पुढील खात्यात भरावी.' त्यांनी रक्कम भरली. मोटार दस्तुरीला ठेवून, म्हाताऱ्या आईला घोड्यावर बसवून, तांबडी धूळ तुडवीत ती मंडळी लॉजच्या दारात आली. आणि व्यवस्थापकाने वही उघडून सांगितले, की अशी नोंदच नाही! पैसे भामट्याने नेले हे खरे, पण नाव कोणाचे गेले? ते कुटुंब चार घरी सांगणार ते लॉजचे नाव, आणि त्याच्याबरोबर माथेरानचे.

ह्याची दुसरी बाजू दिसत नाही, म्हणून ती अधिक वाईट. लॉजवाल्याने खरे पत्र धाडलेले असते, पण ते पाहुण्याच्या पेटीत न पडता 'स्पॅम' नावाच्या अडगळीत पडते. पाहुणा म्हणतो, उत्तर नाही. आणि तो दुसऱ्या गावी जातो. लॉजवाला म्हणतो, यंदा गिऱ्हाईक कमी. दोघांनाही खरे कारण कळत नाही. खोटे पत्र पोचणे आणि खरे पत्र न पोचणे ही दोन्ही दुखणी एकाच मुळातून निघतात, आणि ते मूळ असे, की पत्र घेणाऱ्याला खरे-खोटे निवडण्याचे साधन आपण दिलेले नसते.

असे का व्हावे? कागदी टपालाचा विचार करा. पाकिटाच्या मागे पाठविणाराचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. पोस्टमन ते तपासीत नाही. पाकीट कोणत्या पोस्टात पडले हे शिक्क्यावरून कळते, पण कोणी टाकले हे कळत नाही. ईमेलचे तेच आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडले आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव ह्यांच्या मध्ये आज सर्वपरिचित असलेले 'ॲट'चे चिन्ह घातले. १९८२ साली जॉन पोस्टेल ह्यांनी टपालाच्या देवघेवीचे नियम लिहून प्रसिद्ध केले, आणि ईमेल अजूनही मुख्यतः त्याच रीतीने चालते. त्या काळी ह्या जाळ्यावर विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. माणसे थोडी, आणि बरीचशी परस्परांच्या ओळखीची. ओळखीच्या माणसांच्या गावात दाराला कुलूप नसते. पुढे गावाचे महानगर झाले, आणि कुलूप मात्र बसावयाचे राहून गेले.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा, कारण पुढील सारे विवेचन त्याच्यावर उभे आहे. ईमेलमध्ये पाठविणाराचे नाव दोन ठिकाणी असते. एक पाकिटावर, जे टपालयंत्रे एकमेकांना सांगतात आणि वाचणाराला सहसा दिसत नाही. दुसरे आतील पत्राच्या मथळ्यावर, जे वाचणाराला दिसते. ही दोन नावे एकच असली पाहिजेत असा मूळ नियम नाही. भामट्याचे फावते ते ह्या फटीत. पाकिटावर तो स्वतःचे कोणते तरी नाव घालतो आणि मथळ्यावर तुमचे.

खोट्या नावाचा आणि खोट्या पत्राचा धोका मराठी माणसाला नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुढे उत्तरेकडील एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असे म्हणू लागला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यावर ठेवले होते; १७७६ साली तेथल्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडून उचलून धरले, आणि पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले. त्याच वर्षी ते बंड मोडले आणि तोतयाला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी ह्याच प्रसंगावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. पण विचार करा, किल्ले त्याच्या हाती का गेले? किल्ल्यावरची माणसे मूर्ख होती म्हणून नव्हे. नाव मोठे होते, आणि दूरच्या किल्लेदाराला ते नाव पडताळून पाहण्याचे साधन जवळ नव्हते. विश्वास तर पानिपतातच गेला होता. मागे राहिले ते नुसते नाव.

दुसरी गोष्ट त्याच्या तीन वर्षे आधीची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ पत्रात 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केले, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. इतिहास काय ठरवील ते ठरवो. पण ह्या आख्यायिकेतील पत्र खऱ्या माणसाचे आहे, आणि तरीही घात झाला, कारण वाटेत एक अक्षर बदलले.

म्हणजे धोके दोन झाले. तोतया हा पहिला: पाठविणाराच खोटा. 'ध'चा 'मा' हा दुसरा: पाठविणारा खरा, पण मजकूर फिरविलेला. ह्या दोहोंवर ईमेलच्या व्यवहारात आज तीन उपाय आहेत. त्यांची नावे एस.पी.एफ., डीकिम आणि डीमार्क. नावे कानाला परकी आहेत. कल्पना मात्र आपल्या घरच्याच आहेत.

तिन्ही उपायांचा पाया एकच, आणि तो म्हणजे नावांची सार्वजनिक नोंदवही. तिला डी.एन.एस. म्हणतात, पॉल मोकापेट्रिस ह्यांनी ती १९८३ साली आखली. आपण 'अमुक लॉज डॉट कॉम' असे नाव, म्हणजे डोमेन, वार्षिक फी भरून घेतो, तेव्हा ह्या वहीत आपल्या नावाचे एक पान उघडते. सातबाऱ्याचा उतारा जसा कोणालाही पाहता येतो तसे हे पान जगात कोणालाही वाचता येते. पण त्यात लिहिण्याचा अधिकार डोमेनच्या मालकाचा. भामटा तुमचे नाव पत्राच्या मथळ्यावर घालू शकतो, पण तुमच्या पानावर त्याला एक अक्षरही लिहिता येत नाही. तेव्हा युक्ती सोपी आहे. आपल्या नावाने कोणी लिहावे, कोणता शिक्का खरा, आणि तोतया आला तर काय करावे, हे आपणच त्या पानावर लिहून ठेवावयाचे. पत्र घेणारे यंत्र ते पान उघडून पाहते आणि पडताळा घेते.

आता पहिला उपाय, एस.पी.एफ. दस्तुरीच्या नाक्यावर खाजगी मोटारी थांबतात आणि पुढे येणाऱ्या पाहुण्याला नगरपरिषदेची पावती फाडावी लागते. अशा नाक्यावर एखाद्या लॉजवाल्याने यादी देऊन ठेवली, की आमच्या लॉजची म्हणून पाहुण्यांना न्यावयास येणारी माणसे ही तिघेच. चौथा कोणी आमचे नाव सांगू लागला तर तो आमचा नव्हे. एस.पी.एफ. म्हणजे ही यादी. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणत्या टपालयंत्रांनी पत्रे धाडावीत ते एका ओळीत लिहावयाचे. 'टी.एक्स.टी.' नावाच्या प्रकारची ही नोंद असते. डोमेन ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात ती भरता येते. ओळीच्या शेवटी 'ऑल', म्हणजे 'बाकीचे सर्व', हा शब्द येतो आणि त्याच्या आधीच्या चिन्हात सारा अर्थ असतो. वजाबाकीचे चिन्ह असले तर 'बाकीच्यांना नाकारा'. लाटेसारखे चिन्ह असले तर 'बाकीच्यांकडे संशयाने पाहा'. आणि अधिकाचे चिन्ह घातले तर 'कोणीही यावे', म्हणजे यादी करून तिच्यावर पाणी ओतल्यासारखे झाले.

ह्या यादीचे दोन नियम विसरण्यासारखे आहेत, म्हणून सांगतो. एका डोमेनला एस.पी.एफ.ची ओळ एकच असावी. आज एका सेवेसाठी एक ओळ, उद्या दुसऱ्या सेवेसाठी दुसरी, असे केले की घेणारे यंत्र दोन्ही टाकून देते. दुसरे असे, की यादीत 'अमक्याची यादी पाहा, तमक्याची यादी पाहा' असे हवाले देता येतात, पण अशा एकूण दहाच्यावर शोधांना परवानगी नाही. अकरावा शोध आला की सारी यादी बाद. ज्यांनी हौसेने पाच-सहा सेवा घेतल्या त्यांची यादी बहुधा येथेच फसते.

शिवाय ह्या उपायाला दोन उणिवा आहेत. एस.पी.एफ. तपासते ते पाकिटावरचे नाव, मथळ्यावरचे नव्हे. आणि भामट्याची फट तर तीच आहे. दुसरी उणीव अशी, की पाहुण्याने आपली पत्रे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आपोआप वळविण्याची सोय केली असेल, तर शेवटचे यंत्र पाहते ते वळविणाऱ्या यंत्राचा पत्ता. तो आपल्या यादीत नसतो, आणि खरे पत्र खोटे ठरते. नाक्यावरच्या यादीचे हे असेच असते. ती माणूस पाहते, पत्र पाहत नाही.

पत्र पाहणारा उपाय म्हणजे डीकिम. जुन्या दरबारी पत्रांत धन्याने स्वतःच्या हाताने एखादी ओळ लिहिण्याची चाल होती, आणि त्यावरून 'दस्तुरखुद्द' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मथळ्याजवळ मुद्रा असे आणि अखेरीस 'येथे पत्राची मर्यादा आहे' अशा अर्थाचा लहान शिक्का असे. पत्र संपले तेथे शिक्का, म्हणजे त्याच्या खाली कोणी मागाहून ओळ घुसडू नये. आपण 'सिक्कामोर्तब' म्हणतो त्याचा अर्थ हाच.

डीकिमची रीत अशी. आपल्या टपालयंत्रापाशी एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडकिल्ली आपण सार्वजनिक वहीत उघडपणे छापून ठेवतो. पत्र निघताना यंत्र सर्व मजकुराचे आणि मथळ्यातील मुख्य ओळींचे गणिताने एक लहानसे सार काढते आणि गुप्त किल्लीने त्यावर शिक्का मारते. पत्र घेणारे यंत्र उघड किल्लीने शिक्का पडताळते. उघड किल्लीने शिक्का तपासता येतो, मारता येत नाही. आणि उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे, किल्ली पुरेशी लांब असेल तर, आजच्या यंत्रांना व्यवहारात शक्य नाही. वाटेत 'ध'चा 'मा' झाला तर सार जुळत नाही आणि शिक्का मोडल्याचे तत्काळ कळते. पत्र वळविले तरी मजकूर तोच असेल तर शिक्का शाबूत राहतो. म्हणजे जेथे एस.पी.एफ. हरते तेथे डीकिम टिकते.

किल्ली किती लांब असावी? १०२४ अंकी किल्ली चालते, पण आता २०४८ अंकी घ्यावी असाच सल्ला आहे. किल्लीला एक खुणेचे नाव द्यावे लागते, कारण एका घराला अनेक किल्ल्या असू शकतात. हिशेबाच्या पत्रांची एक, जाहिरातीच्या पत्रांची दुसरी. किल्ली अधूनमधून बदलावी, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाजवळ ती राहू देऊ नये. शिक्का पत्राच्या काही भागापुरताच मारण्याची एक सवलत ह्या नियमांत आहे. ती कधीही घेऊ नये. तसे केले की शिक्क्याच्या खाली ओळ घुसडण्यास जागा राहते, आणि जुन्या चिटणिसांनी जे दार बंद केले होते ते आपण आपल्या हाताने उघडतो.

आता तिसरा आणि शेवटचा उपाय, डीमार्क. यादी झाली, शिक्काही झाला. पण दोन प्रश्न उरतात. पाकिटावरचे नाव आणि मथळ्यावरचे नाव जुळते की नाही हे कोणी पाहावयाचे? आणि न जुळले तर त्या पत्राचे काय करावयाचे? डीमार्क ह्या दोहोंचे उत्तर देतो. वाचणाराला दिसणारे मथळ्यावरचे नाव हेच प्रमाण धरावे, आणि यादी किंवा शिक्का ह्यांपैकी निदान एक तरी त्याच नावाने खरा ठरला पाहिजे, असा त्याचा नियम आहे. भामट्याच्या स्वतःच्या डोमेनची यादी खरी असेल, शिक्काही खरा असेल; पण तो तुमच्या नावाचा नाही, म्हणून पत्र नापास. फट बुजली ती येथे.

नापास पत्राचे काय करावे ह्याबद्दल मालकाने तीनांपैकी एक हुकूम लिहावयाचा असतो. पहिला: काही करू नका, नुसते कळवा. दुसरा: संशयित म्हणून बाजूला ठेवा. तिसरा: दारातूनच परत फिरवा. आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, ती म्हणजे अहवाल. आपण एक पत्ता दिला की जगातील मोठमोठ्या टपालसेवा, बहुधा रोजच्या रोज, आपल्याला कळवितात, की तुमच्या नावाने अमुक यंत्रांवरून इतकी पत्रे आली, त्यांपैकी इतकी खरी ठरली आणि इतकी नापास झाली. हे अहवाल यंत्राच्या भाषेत असतात, पण ते वाचून सोप्या तक्त्यात मांडून देणाऱ्या सेवा मिळतात. आपल्या नावाने कोण काय करतो आहे हे मालकाला प्रथमच दिसू लागते. तोतयाच्या बंडाची बातमी किल्ले गेल्यावर कळण्याऐवजी पहिल्याच दिवशी कळते.

हे तिन्ही नियम एका दिवसात झाले नाहीत. एस.पी.एफ. २००६ साली आणि डीकिम २००७ साली लेखी नियम म्हणून प्रसिद्ध झाले. डीमार्कचा पहिला मसुदा २०१२ चा. बरीच वर्षे हे सारे ऐच्छिक होते. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू ह्यांनी जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आणावयास सुरुवात केली, की दिवसाला पाच हजारांवर पत्रे धाडणाऱ्याने तिन्ही नोंदी केल्याच पाहिजेत, आणि इतरांनी यादी किंवा शिक्का ह्यांपैकी एक तरी ठेवला पाहिजे. २०२५ साली मायक्रोसॉफ्टनेही मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणारांना असाच नियम लावला. आपल्या लॉजची पत्रे दिवसाला पाच हजार होणार नाहीत हे खरे. तरीही नोंद नसलेले पत्र म्हणजे ओळखपत्र नसलेला प्रवासी. त्याला अडवतीलच असे नाही, पण गर्दीच्या दिवशी प्रथम अडवितात ते त्यालाच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुष्कळ माणसे हे सारे ऐकून घरी जातात आणि त्याच रात्री तिसरा हुकूम लिहून मोकळी होतात: 'नापास पत्र परत फिरवा.' हे 'आधी कळस, मग पाया' झाले. आपल्याच नावाने आपल्याच कोणकोणत्या यंत्रांवरून पत्रे जातात हे मालकाला पुरते ठाऊक नसते. रोजची पत्रे एका सेवेतून जातात. खोली राखल्याची पावती दुसऱ्या यंत्रणेतून आपोआप जाते. हिशेबनीस आपल्या कार्यक्रमातून बिले धाडतो. दिवाळीची शुभेच्छापत्रे पुतण्याने तिसऱ्याच सेवेतून धाडलेली असतात. ह्यांपैकी एक जरी यादीत राहिली आणि हुकूम कडक असला, तर चोर सोडून संन्याशाला सुळी.

म्हणून माथेरानच्या हंगामाला धरून आम्ही एक क्रम सुचवितो. आता वसंतातील गर्दी चालू आहे. आज बसून सर्व पत्रे धाडणाऱ्या यंत्रांची यादी करावी, एस.पी.एफ.ची एक ओळ लिहावी, प्रत्येक सेवेकडून डीकिमची किल्ली मागून घ्यावी, आणि डीमार्कचा पहिला, सौम्य हुकूम लिहून अहवाल मागवावेत. ह्या हुकुमाने एकही पत्र अडत नाही. हंगामात सर्व तऱ्हेची पत्रे जातात, म्हणून अहवालांत सारी यंत्रे दिसतील; विसरलेला हिशेबनीस आणि पुतण्याही दिसेल. त्यांना यादीत घ्यावे, किंवा त्यांचे काम थांबवावे. पुढे पावसाळा येतो. नेरळची गाडी घाटात बंद असते, पाहुणे तुरळक असतात, पुष्कळ लॉजे दुरुस्तीला काढतात. त्याच काळात पत्रव्यवहाराचीही दुरुस्ती करावी: दुसरा हुकूम लावावा. चुकून एखादे खरे पत्र बाजूला पडले तरी नुकसान थोडे, आणि ते शोधण्यास वेळ पुष्कळ. दोन-तीन महिने अहवाल स्वच्छ आले, की दिवाळीच्या गर्दीपूर्वी तिसरा हुकूम लिहावा. घाई नको, पण पहिल्याच पायरीवर बसूनही राहू नये. नुसता पहिला हुकूम लिहून वर्षानुवर्षे थांबणे म्हणजे चोर दिसतो आहे, हे वहीत टिपून स्वस्थ बसणे.

काम बरोबर झाले की नाही हे तपासणे सोपे आहे. आपल्याच एखाद्या निराळ्या पत्त्यावर पत्र धाडावे आणि 'मूळ पत्र दाखवा' ही सोय उघडावी. तिन्ही नावांपुढे 'पास' असे लिहिलेले दिसले पाहिजे. वहीतील बदल जगभर पोचावयास काही तास लागू शकतात, तेवढा धीर धरावा. ज्या डोमेनवरून आपण पत्रे धाडीतच नाही, तेही उघडे टाकू नये. 'ह्या नावाने कोणीही पत्रे धाडीत नाही, आली तर परत फिरवा' अशी नोंद तेथे करावी. आणि डोमेनची वार्षिक फी चुकवू नये. फी चुकली की नाव सुटते, आणि सुटलेले नाव दुसरा उचलतो. मग यादीही त्याची, शिक्काही त्याचा. ज्यांचे स्वतःचे डोमेन नाही, जे मोफत पत्त्यावरून काम चालवितात, त्यांच्या बाबतीत ही व्यवस्था ती सेवाच पाहते. मात्र त्यांनी त्या पत्त्याच्या नावाने दुसऱ्याच एखाद्या सेवेतून घाऊक पत्रे धाडू नयेत, ती अडण्याचा संभव मोठा.

एवढे केले म्हणजे फसवणूक संपली काय? नाही, आणि हे आम्ही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०१५ साली मुंबईच्या वृत्तपत्रांतून एक प्रकरण गाजले. ओ.एन.जी.सी. ह्या सरकारी तेलकंपनीची सौदी अरेबियातील एका ग्राहकाकडून यावयाची सुमारे १९७ कोटी रुपयांची रक्कम भलत्या खात्यात वळविली गेली, अशी तक्रार पोलिसांत गेली. पत्त्यात काय बदलले होते? 'ओ-एन-जी-सी'चे 'ओ-जी-एन-सी' झाले होते. दोन अक्षरांची अदलाबदल! येथे तोतयाने तुमचे नाव घेतलेले नसते. तुमच्यासारखे दिसणारे स्वतःचे नाव घेतलेले असते. त्या नावाची यादी तो रीतसर लिहू शकतो आणि शिक्काही रीतसर मारू शकतो. तिन्ही परीक्षांत तो पास होईल. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' जवळ लिहिले की 'एम' भासतो. 'माथेरान' हे नाव ज्या डोमेनांत आहे त्यांना अशी फसवी भावंडे काढणे अवघड नाही. ह्या तीन नोंदी पत्र कोणाच्या नावाचे आहे हे सिद्ध करतात. तो माणूस सचोटीचा आहे हे सिद्ध करीत नाहीत. म्हणून खाते बदलल्याचे पत्र आले तर ओळखीच्या जुन्या दूरध्वनी क्रमांकावर विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत, हा नियम आपण पाळावा आणि आपल्या पाहुण्यांनाही सांगावा.

ह्याच अडचणीवर रिझर्व्ह बँकेने निराळा मार्ग काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने जाहीर केले, की भारतातील बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' असे राखीव नावच ठेवले जाईल. आणि एप्रिलमधील परिपत्रकाने बँकांना, त्यांत सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या नावावर जाण्यास सांगितले. हे नाव बँकेखेरीज दुसऱ्याला मिळत नाही. म्हणजे ग्राहकाला अक्षर न् अक्षर तपासण्याऐवजी शेवटचे दोन शब्द पाहिले तरी पुष्कळ काम भागते. लॉजवाल्यांना असे राखीव नाव नाही. पण विचाराची दिशा तीच आहे: नावाची राखण एकट्याने होते तितकी होते, पुढची चार जणांनी मिळून करावयाची असते. गावातील लॉजवाल्यांनी एकत्र बसून आपली खरी डोमेने आणि पत्ते ह्यांची एक यादी केली, ती नगरपरिषदेच्या फलकावर आणि दस्तुरीच्या नाक्यावर लावली, तर फसव्या भावंडांना पुष्कळ आळा बसेल. ह्या कामाला विशेष खर्च नाही. वर सांगितलेल्या तिन्ही नोंदींना वेगळी फीही नाही. लागते ते एक दुपारचे बसणे आणि नंतर काही महिने अहवालांकडे लक्ष.

श्रोतेहो, आपल्याकडे माणसाची मोठी ठेव म्हणजे त्याचे नाव असे मानतात, आणि ते योग्यच आहे. घराला कुलूप लावावयास आपण विसरत नाही, दुकानाची पाटी रंगवावयास विसरत नाही. पण जे नाव रोज शेकडो मैलांवरच्या अनोळखी पेट्यांत जाऊन पडते, त्याची राखण करावयाची असते हे आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या पानावर आपण काहीच लिहिले नाही, तर पत्र घेणाऱ्याला धनी आणि तोतया सारखेच. आपल्या नावाची ग्वाही देण्याचा अधिकार ह्या व्यवस्थेने आपल्याला आणि फक्त आपल्यालाच दिला आहे. तो आपण वापरला नाही तर आपल्यावतीने दुसरा कोणी वापरू शकत नाही. तेव्हा पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येकाने आपले पान उघडून पाहावे, त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, आणि कोरे असेल तर लिहावयास बसावे, एवढीच आमची विनंती आहे.